सत्तर किलोचा माणूस

सायकल जड आहे, हे काटेवाल्याच्या डोक्यात एकदा बसलं ते बसलंच. आता डोक्यात काही घ्यायचंच तर माणसाने जरा बरं काहीतरी घ्यावं. पन्नाशी उलटल्यावर कोणी झाडं लावतं, कोणी पेटी शिकतं, कोणी शेजाऱ्याशी जुनं भांडण उकरून काढतं. ह्याने सायकलचं वजन घेतलं. सकाळी उठला की वजन, जेवताना वजन, दिवा मालवल्यावरसुद्धा छताकडे बघत म्हणायचा, "त्या स्टँडचंच अर्धा किलो असेल गं." बायको तोवर झोपलेली असायची, निदान तसं दाखवायची.

काटेवाला हे काही त्याचं नाव नव्हे. डोंगरावर दगडाची खाण होती, खाणीच्या तोंडाशी ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा होता, आणि त्या काट्याशेजारच्या काचेच्या केबिनमध्ये तो वर्षानुवर्षं बसत आला होता. ट्रक रिकामा आला की तोलायचा, खडी भरून आला की पुन्हा तोलायचा, दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं आणि चिठ्ठी फाडून द्यायची. काम एवढंच, पण त्याच्या चिठ्ठीशिवाय खाणीतला एक खडासुद्धा बाहेर पडत नव्हता. त्यामुळे भले भले ड्रायव्हर त्याला वचकून असत. बायकोच्या माहेरची माणसंही त्याला "आमचे काटेवाले" म्हणायची, आणि ते त्याला मनातून आवडायचं.

ड्रायव्हरांशी त्याचा रोजचा एकच वाद. प्रत्येक ट्रकच्या दारावर रिकाम्या गाडीचं वजन रंगाने लिहिलेलं असतं. ड्रायव्हरला नेहमीच घाई. तो म्हणणार, "रिकामी गाडी कशाला तोलता उगाच? दारावर लिहिलंय ते धरा की." मग काटेवाला खिडकीची काच सरकवायचा आणि सुरू व्हायचा. "ते लिहिलं तेव्हा गाडी नवीन होती. मग टायर बदलले, फळ्या बदलल्या, खाली बोटभर चिखल चढला. दारावरचं वजन दारापुरतं. गाडीचं वजन काट्यावर. घ्या मागे." ड्रायव्हर पुटपुटत गाडी मागे घ्यायचा. ही रेकॉर्ड दिवसातून कितीदा लागायची त्याला गणती नव्हती.

सायकल आली ती हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून. पूर्वी कामाच्या माणसांना वर न्यायला जीप होती. ती एक दिवस बंद झाली, कारण कोणी सांगितलं नाही, आणि ट्रकमध्ये बसून जायला मनाई होती. रस्ता तरी कसला, ट्रकांनी उकरून ठेवलेला, जिथे तिथे खड्डे आणि सुटी खडी. साधी सायकल तिथे चार दिवसांत मान टाकती. म्हणून मग जाड टायरची, पुढे स्प्रिंग असलेली माऊंटन बाईक. या वयात हे थेर कशाला, असं सगळ्यांनी म्हणून घेतलं. पण पहिल्या वर्षी गडी असा चढायचा की ट्रकवाले हॉर्न वाजवून दाद द्यायचे. आणि संध्याकाळचा उतार हे त्याचं दिवसभरातलं एकमेव सुख होतं. पॅडल मारायचं नाही, ब्रेकवर दोन बोटं, तोंडावर वारा आणि खाणीची धूळ पाठीमागे. घरात शिरायचा तो हसतच.

ते हसू गेल्या काही महिन्यांत आटलं. चढ सरेना. पहिल्या वळणावर धाप लागायची, दुसऱ्या वळणावर मांड्या भरून यायच्या, तिसऱ्यावर मुकाट्याने उतरून सायकल ढकलायची. मागून ट्रक आला की हा रस्त्याकडेला वाकून चेन तपासल्याचं नाटक करायचा. घसा सारखा कोरडा. भरून घेतलेल्या दोन बाटल्या वाटेतच संपायच्या, आणि मग रात्री उठउठ व्हायची. एवढं पाणी ढोसल्यावर दुसरं काय होणार, असं त्याचं म्हणणं. वर पोचला की केबिनमध्ये टेबलावर डोकं टेकायचा, आणि पहिला हॉर्न वाजेपर्यंत ते उचलायचा नाही. झोपूनही न जाणारा असा तो थकवा होता. सकाळी पाय खाली टेकवायचे म्हटलं तरी जिवावर यायचं.

शेवटी व्हायचं तेच झालं. मॅनेजरने बोलावून घेतलं. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, तीच पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"काटेवाले, काल गेटवर ट्रकांची रांग लागली होती. ड्रायव्हर सांगत होते, केबिनला कुलूप."

"सायकल जड आहे साहेब. चढाला वेळ लागतो."

"मग खाली गोदामात या ना. खुर्चीत बसून काम. चढायला नको, उतरायला नको."

"मला वर जमतं."

"जमलं तर उत्तमच. थोडे दिवस बघू. नाहीतर मग मला काहीतरी करावं लागेल."

गोदाम डोंगराच्या पायथ्याशी, घरापासून जवळ. पण त्याला एकही खिडकी नव्हती. आत ग्रीसचा वास, छतापर्यंत रचलेले यंत्रांचे सुटे भाग, आणि गोदामवाला, ज्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण त्याला बंद करायचं बटण नव्हतं. तसा काटेवाला रेडिओलाही घाबरत नव्हता. त्याला धास्ती होती ती वेगळीच. वर काटा होता म्हणून तो काटेवाला. काटा गेल्यावर तो कोण? गोदामातला दुसरा माणूस. काही झालं तरी वरची खुर्ची सोडायची नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं, आणि मग दोष द्यायला सायकलशिवाय दुसरं कोण होतं?

घरी न्हाणीघरात पायाखालचा एक काचेचा वजनकाटा होता, लेक लग्न होऊन जाताना मागे ठेवून गेलेला. सायकल त्यावर एकटी उभी राहत नाही, कलंडते. म्हणून हा सायकल उचलून स्वतः काट्यावर उभा राहायचा, बायकोला वाकून आकडा वाचायला लावायचा, आणि आलेल्या आकड्यातून आपलं वजन वजा करायचा. आपलं वजन सत्तर. कामाला लागताना कंपनीच्या डॉक्टरने तोललं तेव्हा सत्तर, पुढे विम्याच्या वेळी तोललं तेव्हाही सत्तर. "आपण सत्तर किलोचा माणूस," असं तो छाती काढून सांगायचा.

बायकोने पहिल्यांदा आकडा वाचला तो सत्त्याऐंशी. सत्तर गेले, राहिले सतरा.

"सतरा किलो," तो म्हणाला. "रोज सतरा किलो डोंगरावर चढवतो मी. हमाल ठेवला असता तर तोही पळून गेला असता."

"उतरा आता," बायको म्हणाली. "माझी कंबर वाकली वाचून वाचून."

कंबर वाकायला तिला कारण होतं. ती मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर उभ्याने ओल्या चादरी झटकायच्या, वाळलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या. संध्याकाळी पाय सुजलेले असायचे, आणि घरी आल्यावर ह्या गृहस्थाचं हे वजनपुराण.

मग त्याने सायकल सोलायला घेतली. आधी स्टँड काढला, मग मागचं कॅरिअर, मग दोन्ही मडगार्ड, शेवटी घंटीसुद्धा. कॅरिअर गेल्यामुळे पिशवी पाठीवर आली, मडगार्ड गेल्यामुळे चिखल पाठीवर आला, पण काट्यावर आकडा आला चौदा. स्वारी खूश. बायको म्हणाली, "आता सीटही काढून टाका. उभ्यानेच जा." त्याने सीटकडे खरंच एकदा विचारपूर्वक बघितलं.

पुढे हलकी पॅडल आली, हलक्या मुठी आल्या, रिम आणि टायर बदलून झाले. दर वेळी काट्यावर आकडा थोडा थोडा उतरायचा. मधे एकदा तर काहीही न बदलता किलोभर उतरला. कोणालाही शंका आली असती. ह्याला नाही आली. "धूळ झडली असेल," म्हणाला. खाणीतली माणसं त्याला म्हणायची, "काटेवाले, बारीक झालात हो, सायकल मानवली तुम्हाला." तेही त्याला गोड लागायचं. पट्ट्याला त्याने स्वतःच टोच्याने एक नवीन भोक पाडलं. शर्ट खांद्यावरून उतरायला लागले, त्याचा दोष धुण्याच्या पावडरीवर गेला. सत्तरचा आकडा मात्र जिथल्या तिथे. माणसाचं डोकं कुठे चालतं आणि कुठे पेंड खातं, काही सांगता येत नाही.

असं करता करता सायकल आठ किलोवर आली. आणि गंमत बघा, जसजशी ती काट्यावर हलकी होत गेली तसतशी चढावर जड होत गेली. आता तर पहिल्याच वळणावर उतरावं लागायचं. एका सकाळी तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला तो बसलाच. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. सायकल शेजारी आडवी पडली होती, आणि तिच्याकडे बघून त्याला रडू येईल असं वाटलं. एवढं केलं तुझ्यासाठी, अजून काय हवंय तुला, असं तो तिला मनातल्या मनात म्हणाला. त्या दिवशीही केबिनला उशिरापर्यंत कुलूप होतं. मॅनेजरने या वेळी बोलावलं नाही, नुसता केबिनसमोरून जाताना थांबून बघून गेला.

आता शेवटचा उपाय म्हणजे नवीन सायकल. बाजाराच्या टोकाला सायकलचं दुकान होतं. वडील गेल्यावर ते त्यांची मुलगी चालवायची. सगळे तिला सायकलवालीच म्हणायचे. हाताची पक्की आणि तोंडाची फटकळ. दुकानात वर टांगलेली एक काळी माऊंटन बाईक होती, कार्बनची, आणि काटेवाल्याची तिच्यावर कधीची नजर होती. ती घ्यायची म्हणजे घराच्या छताची दुरुस्ती पुढे ढकलायची, हे दोघा नवरा-बायकोला कळत होतं. तरी बायकोच म्हणाली होती, "घ्या एकदाची ती काळी. माझे कान तरी सुटतील."

तो संध्याकाळी आपली सायकल ढकलत दुकानात गेला.

"या काका," सायकलवाली म्हणाली. "आता काय काढायचं राहिलंय? चाकं?"

"चेष्टा पुरे. ती काळी किती भरते?"

"अकराच्या आसपास. हिच्याहून हलकी या दुकानात नाही."

काटेवाला विचारात पडला. अकरा म्हणजे आठापेक्षा तीन जास्त. हलकी म्हणून घ्यायची आणि तीन किलो वाढवून घरी न्यायची, याला काय अर्थ आहे?

"मग नको," तो म्हणाला. "माझीच आठ आहे."

"आठ काय?"

"किलो."

सायकलवालीने हातातला पाना खाली ठेवला. "काका, आठ किलोची माऊंटन बाईक मी अजून डोळ्यांनी बघितलेली नाही. आणि तुम्ही ती खाणीत नेता?"

"घरी तोललीय. एकदा नाही, दहादा."

छताच्या तुळईला तिचा हुकाचा वजनकाटा टांगलेला होता. तिने सायकल उचलून त्याला अडकवली. आकडा स्थिर झाला, साडेचौदा.

"तुझा काटा गंडलाय," काटेवाला म्हणाला.

"माझा काटा ठीक आहे."

"अगं, मी काट्याच्या धंद्यात केस पिकवले. मला सांगतेस?"

"मग तुमचा आणा इथे. होऊन जाऊ दे."

आता हा इरेला पेटला. तसाच घरी गेला, न्हाणीघरातला काटा पिशवीत घातला आणि धापा टाकत परत आला. वाटेत दोनदा थांबला, नळाला तोंड लावून पाणी प्यायला, पण आला. दुकानात पिण्याच्या पाण्याचा मोठा जार होता, झाकण न उघडलेला. तो आधी हुकाला टांगला, मग काचेच्या काट्यावर ठेवला. दोन्हीकडे आकडा एकच. काटेवाल्याने काटा फरशीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकवला, तळहाताने फरशी चाचपली, पुन्हा जार ठेवला. पुन्हा तोच आकडा. दोन्ही काटे खरे होते, आणि खोटा काटा कसा पकडायचा हे ज्याला जन्मभर कळत होतं, त्याला हे कबूल करणं भाग होतं.

"मग सायकल तुझ्याकडे साडेचौदा आणि माझ्याकडे आठ, हे कसं?" तो म्हणाला. आवाजातला जोर गेला होता.

"तुम्ही ती हातात धरून उभे राहता ना?"

"हो. आणि माझं वजा करतो. सत्तर."

"सत्तर कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मी सत्तर आहे."

"कुठे लिहिलंय?" सायकलवाली म्हणाली. ती सहज बोलून गेली, तिला खाणीतल्या ट्रकांच्या दारांचं आणि त्यांवरच्या रंगाचं काय माहीत. पण काटेवाल्याचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती म्हणाली, "एकदा नुसते उभे राहा बघू. सायकल नको, पिशवी नको."

तो चपला काढून काट्यावर उभा राहिला. या वेळी आकडा वाचायला दुसऱ्या कोणाला वाकावं लागलं नाही, मधे सायकल नव्हती. साडेत्रेसष्ट. तो उतरला, पुन्हा चढला. साडेत्रेसष्ट. इतकी वर्षं ड्रायव्हरांना ओरडून जे सांगत होता ते स्वतःच्या बाबतीत त्याला एकदाही सुचलं नव्हतं. झिजत होता तो, आणि उतरलेला एकेक किलो हा शहाणा सायकलच्या खात्यावर जमा करत होता.

"काका," सायकलवाली हळू आवाजात म्हणाली. आतापर्यंतचा फटकळपणा कुठच्या कुठे गेला होता. "तहान फार लागते का तुम्हाला? रात्री उठावं लागतं?"

त्याने मान डोलावली.

"माझ्या बाबांना अशीच साखर निघाली होती. ती काळी राहू दे. आधी डॉक्टरकडे जा. उद्याच जा."

घरी जाताना तो सायकलवर बसला नाही. एका हातात काट्याची पिशवी, दुसऱ्या हाताने सायकल धरून हळूहळू चालत राहिला. तो घाबरला होता, सरळ सांगायचं तर चांगलाच घाबरला होता. शरीरातून एवढं काही निघून जावं आणि आपल्याला पत्ताही नसावा, हे त्याला पटत नव्हतं. आणि त्या भीतीच्या पोटात एक छोटी लाजही होती. बिचारीला उगाच सोलली, असं त्याला वाटत होतं. मडगार्ड नाही, घंटी नाही, काही राहिलं नाही तिच्याकडे.

बायकोला त्याने सगळं सांगितलं. आकडा ऐकल्यावर ती स्टुलावर बसली आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई, गप्प बसली म्हणून तो आणखीच धास्तावला.

दुसऱ्या दिवशी ती त्याला आपल्या रुग्णालयात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई तिला ओळखत होत्या. त्यांनी बोटाला टोचून रक्त घेतलं, काही तपासण्या केल्या, आणि दुपारी दोघांना समोर बसवलं.

"साखर आहे," त्या म्हणाल्या. "चांगलीच वाढलीय, आणि बऱ्याच दिवसांपासून आहे. तुम्ही खाताय ते अंगाला लागत नाहीये, म्हणून शरीर साठवलेलं संपवतंय. थकवा त्याचाच. सायकल बिचारी काय करणार त्याला?"

"बाई, मी त्यांचा डबा कमी केला होता," बायको एकदम म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. काटेवाल्यानेही बघितलं.

"सारखं वजन, वजन चालायचं ह्यांचं," ती सांगायला लागली. "हे काढलं, ते काढलं. सायकलचं मला काय कळतं? मला वाटलं, आपल्या हातातलं काहीतरी आपणही कमी करावं. मोठा डबा ठेवून दिला, लहान काढला. त्यातही थोडं थोडं कमीच भरायचे. पाठीवरचं ओझं तेवढंच उतरेल म्हणून." तिने पदराचं टोक मुठीत धरलं. "मी उपाशी ठेवलं ह्यांना."

"डब्याने हे झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कितीही भरला असतात तरी झालंच असतं."

"पण भरला नव्हता ना," बायको म्हणाली, आणि पदराने डोळे पुसायला लागली.

इंजेक्शनं आली, गोळ्या आल्या, कधी खायचं आणि काय खायचं ते आलं. सायकल सोडायची गरज नव्हती, पण डोंगर बंद. निदान काही महिने बंद, मग तपासून ठरवू, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. चढावर चक्कर येऊन ट्रकखाली गेलात तर माझं औषध कोणाला देऊ, असंही वर म्हणाल्या. काटेवाला हसला, पण ते हसणं ओठांवरच राहिलं.

तो स्वतःच मॅनेजरकडे गेला. बोलावण्याची वाट बघायचंही त्याच्यात त्राण नव्हतं. मॅनेजरला मनापासून वाईट वाटलं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"खाली या तुम्ही. आरामात करा. तब्येत सुधारली की वरचं बघू."

त्या कंपनीत 'बघू' म्हटलेलं पुढे कोणी बघितल्याचं काटेवाल्याला आठवत नव्हतं. त्याने केबिनची किल्ली टेबलावर ठेवली. नवीन काटेवाला बाहेरच उभा होता, त्याला काहीतरी चार शब्द सांगावेत असं मनात आलं. पण बोलायचं म्हणजे पुन्हा दम लागणार, म्हणून नुसती मान हलवून तो खाली उतरला. गोदामात रेडिओने त्याला खुर्ची दिली आणि आपल्या मेहुण्याच्या विहिरीची गोष्ट सुरू केली. संध्याकाळपर्यंत विहिरीला पाणी लागलं नव्हतं.

तो घरी आला तेव्हा बायको नुकतीच कामावरून आली होती. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तिने पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडले होते. ओट्यावर मोठा डबा घासून पालथा घातलेला होता.

"दिली किल्ली?" तिने विचारलं.

"दिली."

तो दुसऱ्या स्टुलावर बसला. मग ती बादलीतल्या पाण्याकडे बघत म्हणाली, "वर भूक लागायची का हो तुम्हाला?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ना, डब्याचा काही संबंध नाही."

"त्या साखरेचं बोलल्या. मी भुकेचं विचारतेय."

खोटं सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण तेवढाही जोर उरला नव्हता. "लागायची," तो म्हणाला. "फार लागायची. दुपारनंतर तर काही सुचायचं नाही."

"मग सांगायचं नाही का? इतके महिने त्या सायकलचं डोकं खाल्लंत माझं. स्टँड असा नि टायर तसा. डबा पुरत नाही, एवढे तीन शब्द नाही निघाले तोंडातून? रिकामा डबा आणून मुकाट्याने मोरीत ठेवायचात."

काटेवाल्याने हातांकडे बघितलं. मनगटाची हाडं वर आली होती, ती त्याला आताशी दिसत होती.

"डबा लहान झाला तेव्हा मला वाटलं, तू दमलीस," तो म्हणाला. "पहाटे उठून रांधायचं, मग दिवसभर उभ्याने चादरी. म्हटलं, हिला आता होत नसेल. मी बोललो असतो तर तू पुन्हा मोठा भरायला लागली असतीस."

ती एकटक त्याच्याकडे बघत राहिली. रागवावं असं तिच्या मनात आलं, आणि रागवताही आलं नाही.

"दमलेच आहे मी," ती म्हणाली. "खूप दमलेय."

हे ती आजवर कधी बोलली नव्हती. काटेवाला उठला, दारामागचा पंचा घेतला, आणि गुडघ्यांवर हात टेकत टेकत तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिचा एक पाय बादलीतून उचलून त्याने मांडीवर घेतला आणि पुसायला लागला. एरवी तिने पाय आखडून घेतला असता आणि त्याला भलतंसलतं सुनावलं असतं. आज तिने पाय तसाच राहू दिला.